चढावरची दीड मिनिटं

१

गाडी मागे आली तेव्हा तिच्यात कोणीच नव्हतं, एवढ्या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं.

मंगळवारी सकाळी आठ वाजता दंतवैद्यांच्या बंगल्यातल्या ड्रायव्हरने तळघरातल्या गॅरेजमधून ती काळी, भली थोरली एसयूव्ही बाहेर काढली. ड्रायव्हरला त्याच्या उंचीमुळे सगळे लंबूच म्हणत. गॅरेजपासून फाटकापर्यंत बेताचा चढ होता. त्या चढावर, तोंड फाटकाकडे करून, त्याने गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरला. मागे जाऊन शटर ओढलं आणि कुलूप लावायला वाकला. कुलूप जुनं आणि हट्टी. ते मिनिट-दीड मिनिट झटापट केल्याशिवाय कधी लागत नसे. तेवढा वेळ गाडी मुकाट उभी होती. मग अडीच टनांचं ते धूड आपलं आपण मागे आलं आणि त्याने लंबूला शटरच्या खांबाशी दाबलं.

डॉक्टर वरच्या मजल्यावर दात घासत होते. किंकाळी ऐकून ते तोंडात फेस घेऊन खाली धावले तेव्हा लंबू शटरपाशी आडवा पडला होता, गाडी त्याच्यापासून दोन हात पुढे उभी होती, आणि डॉक्टरांची आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. गाडीच्या पडद्यावर P ठळक पेटलेला होता. P म्हणजे पार्क, म्हणजे चाकं जाम.

शेजारपाजारच्या लोकांनी संध्याकाळपर्यंत निकाल लावून टाकला. दीड मिनिट उभी राहिली, म्हणजे P लागलेला होता. मागे आली, म्हणजे तो सुटला. P सुटला, म्हणजे दोष गिअरबॉक्सचा. आणि हा गिअरबॉक्स आठच दिवसांपूर्वी एका माणसाने सगळा सुटा करून पुन्हा जोडला होता. तो माणूस म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ.

२

बाई म्हणजे तंत्रशाळेतल्या बाई. तीस वर्षं त्यांनी पोरांना गिअरबॉक्स शिकवला होता, आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी दहा मिनिटं सलग खुर्चीत बसणं त्यांना काही जमलं नव्हतं. बुधवारी सकाळी डॉक्टर त्यांच्या घरी आले तेव्हा बोलणं ऐकता ऐकता त्यांनी पडदा सरळ केला, घड्याळाला किल्ली दिली आणि एक पेला दोनदा विसळला.

"तुम्ही तपास करा," डॉक्टर म्हणाले. "शनिवारी संध्याकाळपर्यंत. तुमच्या भावाने तर मला कालच सांगितलं, चूक त्याचीच असणार म्हणून. तसं लिहून द्यायला तयार आहे. पण मला कारण कळल्याशिवाय चैन पडणार नाही. त्या गाडीत माझी आई बसते."

"आणि तुम्ही त्याच्याच बहिणीला विचारायला आलात?"

"तुम्ही शेवटच्या वर्षाला त्याला नापास केलं होतं ना? सगळं गाव सांगतं. दीड मार्कांसाठी."

"एक मार्क," बाई म्हणाल्या. त्या गोष्टीवर त्या आजवर कधी शरमल्या नव्हत्या आणि कधी हसल्याही नव्हत्या.

डॉक्टर गेले तशा त्या पायात चपला सरकवून भावाच्या गॅरेजकडे निघाल्या. रिक्षा समोरून गेली तरी थांबवली नाही. चालण्याने जीव थोडा थाऱ्यावर येईल असं त्यांना वाटलं. आला नाही. भावाचं नाव या धंद्यात मोठं होतं. दुसऱ्यांनी हात टेकलेले गिअरबॉक्स त्याच्याकडे येत. एक कागद त्याच्या सहीचा बाहेर पडला की एकही गाडी त्या दारात उभी राहणार नव्हती, आणि त्याला दुसरं काहीही येत नव्हतं.

धाकटा पालथ्या डब्यावर बसला होता. हात स्वच्छ धुतलेले. कामाच्या दिवशी त्याचे हात स्वच्छ बाईंनी आजवर पाहिले नव्हते.

"ताई, मी सगळं आठवून पाहिलं," तो म्हणाला. "क्लच बसवले ते आठवतंय. सील बसवली ते आठवतंय. पार्कच्या खिट्टीची स्प्रिंग..." तो थांबला. "ती लावल्याचं मला आठवत नाही."

३

गाडी मुळात त्याच्याकडे आली होती ती वेगळ्याच दुखण्याने. D, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकला की क्षणभर विचारात पडायची, मग धक्का मारून निघायची. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि वेग वाढायचा नाही. या जातीच्या गाड्यांत हे दुखणं नेहमीचंच आहे. गिअरबॉक्सखालचं तेलाचं पात्र प्लॅस्टिकचं असतं. तापून-थंडावून त्याला बारीक चीर जाते, तेल थेंब थेंब गळतं, आणि मालकाला कळतं तोवर आतले क्लच जळलेले असतात. धाकट्याने पात्र बदललं, क्लच बदलले, नवं तेल भरलं. गाडी लोण्यासारखी चालू लागली होती.

"हे उघडायचं," बाई म्हणाल्या. ओढून आणलेली गाडी लिफ्टवर चढली होती.

"सगळं?"

"सगळं."

बुधवार दुपारपासून गुरुवार संध्याकाळपर्यंत दोघं बहीणभाऊ त्या गाडीखाली होते. बोलणं कामापुरतं. बाई एकेक संशय घेत आणि हातावेगळा करत. तेल कमी? नाही, बरोबर मापात. जळलेलं? रंग स्वच्छ, वास नाही. तेलात पाणी शिरून गाडी हिसके देते कधीकधी, तेही नाही. बॅटरी मलूल असली की या गाड्यांचा मेंदू भ्रमिष्टासारखा वागतो आणि नको ते दिवे लावतो. बॅटरी ठणठणीत होती. शिवाय यातल्या कशानेही P सुटत नाही. P चा मामला अगदी साधा आहे: आत एक दातेरी चाक, त्यात अडकणारी बोटाएवढी लोखंडी खिट्टी, आणि खिट्टीला रेटून धरणारी स्प्रिंग. खिट्टी अडकली की गाडी थांबली.

मागचं झाकण निघालं तेव्हा धाकटा बाजूला तोंड करून उभा राहिला. बाईंनी विजेरी आत धरली.

"इकडे ये," त्या म्हणाल्या.

"सांग तू. मी इथूनच ऐकतो."

"स्प्रिंग जागेवर आहे."

तो मटकन डब्यावर बसला. बाई मात्र खिट्टी बाहेर काढून खिडकीपाशी घेऊन गेल्या, उजेडात फिरवून फिरवून पाहू लागल्या. खिट्टीची कड कोरी होती, धारदार, कारखान्यातून आल्यासारखी. चाकाचे दातही तसेच.

"अडीच टन वजन खिट्टीवरून घसरत गेलं असतं," त्या म्हणाल्या, "तर ही कड गोल झाली असती. दातांवर ओरखडे असते, तेलात कीस असता. काही नाही. P सुटला नाही रे. गाडी मागे आली तेव्हा ती P मध्ये नव्हतीच."

धाकट्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला, आणि तसाच उतरला. मेकॅनिकच तो, बहिणीच्या पुढचा विचार त्याने लगेच केला.

"मग चढावर दीड मिनिट उभी कशी राहिली?"

"ते लंबूला विचारते," म्हणत बाईंनी खिट्टी त्याच्या हातात दिली.

४

शुक्रवारी सकाळी धाकटा गिअरबॉक्स जोडत राहिला आणि बाई इस्पितळात गेल्या. लंबूचे पाय खाटेबाहेर आले होते. एकाला वजन बांधलेलं, दुसऱ्याखाली स्टूल ठेवलेलं.

"P चं बटण मी दाबलं नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?" तो आधीच तापलेला होता. "तीन वर्षं चालवतोय ती गाडी. एकदा विसरलो नाही."

"मी काहीच म्हणत नाही. मला फक्त करून दाखवा. तुम्ही सीटवर आहात, गाडी चढावर आणली. आता?"

लंबूने डोळे मिटले. चांगला पाय चादरीखाली दाबला, म्हणजे ब्रेक. मग हात उठला आणि थेट दाराच्या कडीकडे गेला. दार उघडल्यासारखं केलं आणि डोळे उघडले.

"झालं. P."

"बटण कधी दाबलंत?"

तो स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला. मग सावकाश म्हणाला, "बटण... कशाला दाबायचं? दार उघडलं की ती आपोआपच P मध्ये जाते. कधीही बघा तुम्ही. नवी गाडी आहे बाई, तेवढी अक्कल तिला आहे."

"आणि हातब्रेक?"

"P असताना हातब्रेक कशाला?"

बाई खाटेच्या या बाजूने त्या बाजूला गेल्या, परत आल्या. ही सवय ऐकून त्यांना वर्गातला डस्टर फेकून मारावासा वाटला. पण गाडीला खरंच तेवढी अक्कल होती हेही त्यांना ठाऊक होतं. मग त्या दिवशीच ती कुठे गेली?

"त्या दिवशी गाडीत काही वेगळं वाटलं का? काहीही. क्षुल्लक असलं तरी चालेल."

"वेगळं काय? माझी सोमवारची सुट्टी झाली की मंगळवारी गाडी थोडी परकीच वाटते. सीट पुढे सरकलेली असते, गुडघे स्टिअरिंगला लागतात. डॉक्टर धुवायला-पुसायला सांगतात कोणाला तरी, तोच सरकवत असेल. त्या दिवशी पाठीला काहीतरी रुतत होतं. म्हटलं, फाटकाबाहेर गेल्यावर बघू. आणि हो, गॅरेजमधून बाहेर काढेपर्यंत मी पट्टा लावत नाही, तर रोज ती टुण टुण करून डोकं उठवते. त्या दिवशी शहाण्यासारखी गप्प होती."

बाईंनी ते मनात टिपलं. "आणि गाडी तुम्हाला दाबून थांबली. मग तुम्ही सुटलात कसे?"

"गाडी पुढे गेली ना. तशी पुढे गेली आणि मी खाली कोसळलो. पुढचं आठवत नाही."

बाई पायऱ्यांवर आल्या आणि तिथेच थबकल्या. उतारावरून गाडी आपोआप मागे येते हे त्यांना मान्य होतं. चढावर आपोआप पुढे जाणारी गाडी त्यांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती. त्या सकाळी कोणीतरी त्या गाडीत बसलं होतं.

५

बंगल्यात माणसं दोनच: डॉक्टर आणि त्यांची आई. शनिवारी सकाळी धाकट्याने गाडी आणून त्याच चढावर नेली आणि ती मंगळवारसारखी थंड होईपर्यंत बाई आत जाऊन बसल्या. म्हणजे उभ्याच राहिल्या.

"गाडीला मी हातसुद्धा लावला नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी रुग्णवाहिका, मग लंबू, मग तुमच्या भावाला फोन. हवं तर आईला विचारा."

आजी ठेंगण्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. तीस वर्षं त्यांनी सरकारी जीप स्वतः चालवत रानोमाळ जमिनी मोजल्या होत्या, असं डॉक्टरांनीच अभिमानाने सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून चाकामागे बसणं बंद. "मीच बंद केलं," डॉक्टर म्हणाले. "चालवता चालवता काही झालं तर रस्त्यावरचे चार जण जातील. तिला पटलंय ते."

आजींनी पदर सारखा केला.

"आजी, तुम्ही पहिल्या पोचलात. गाडी तेव्हा कुठे होती?"

"होती तिथेच," आजी म्हणाल्या. "मी त्याच्याकडे पाहत होते, गाडीकडे नाही. चहा घेता का?"

"नको."

"मग मी माझ्यापुरता टाकते," असं म्हणून आजी आत निघून गेल्या. बाईंना त्यांच्या पाठीकडे पाहून बरं वाटलं नाही.

बाहेर धाकटा मागच्या चाकापाशी लाकडी ठोकळा घेऊन उभा होता. बाई गाडीत चढल्या, इंजिन सुरू केलं, D टाकला, ब्रेक सोडला, दार उघडलं. खट्ट. पडद्यावर P. पुन्हा केलं. P. दहा वेळा केलं, दहाही वेळा गाडी आज्ञाधारक. फक्त प्रत्येक वेळी ती टुण टुण, टुण टुण. पट्टा लावा, पट्टा लावा.

"अगं बाई, गप!" बाई करवादल्या आणि गॅरेजात सगळेच करतात ते त्यांनी केलं. पट्टा ओढून पाठीमागून घेतला, खोबणीत अडकवला आणि त्याच्यावर टेकून बसल्या. टुणटुण बंद. एवढ्यात फाटकातून कोणी हाक मारली. त्यांनी दार उघडलं, उतरल्या, कोण आहे ते पाहायला चार पावलं वर गेल्या. भलत्याच घराचा पत्ता विचारणारा माणूस होता. त्याला वाट सांगेपर्यंत मिनिटभर गेलं. मागे गाडी मुकाट उभी होती.

आणि मग इंजिनाचा आवाज खाली बसला.

"ताई!"

बाई वळल्या. गाडी निघाली होती. धाकटा तिच्यामागे वाकलेला होता.

६

ठोकळा चाकाखाली गेला तेव्हा धाकट्याची पाठ शटरला टेकली होती. गाडी एक हिसका देऊन थांबली. बाई धावत येऊन आत घुसल्या, ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले आणि P चं बटण इतकं दाबलं की बोटाचं टोक पांढरं पडलं.

"लागलं का रे? लागलं का?"

"नाही." त्याचा श्वास लागला होता, पण डोळे पडद्यावर होते. "ताई, तू दाबायच्या आधी काय होतं तिथे?"

"D."

"दार उघडूनसुद्धा?"

दोघांनीही एकाच वेळी सीटकडे पाहिलं. पट्टा खोबणीत अडकलेला, सीट रिकामी.

"पट्टा लावलेला दिसला की तिला वाटतं माणूस बसलाय," बाई म्हणाल्या. "दार उघडलं तरी तिला वाटतं, बाहेर डोकावतोय, जाणार कुठे? म्हणून P लावत नाही."

"आणि दीड मिनिट..." धाकट्याने कपाळावर हात मारला. "थंड इंजिन! सुरू केल्या केल्या ते जोरात फिरतं. D मध्ये असलं की गाडीला पुढे रेटत राहतं. चढ मागे ओढतोय, इंजिन पुढे ढकलतंय, बरोबरी झाली की उभी. मग इंजिन जरा गरम झालं, आवाज बसला, जोर कमी झाला..."

"की चढ जिंकला."

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. लंबूने बटण दाबलं नाही, हे त्याच्या सवयीप्रमाणेच झालं. पण त्या दिवशी तो बसायच्या आधीच पट्टा अडकवलेला होता. म्हणून गाडी गप्प होती, म्हणून पाठीला रुतत होतं. सोमवारी कोणीतरी पट्टा पाठीमागे घालून गाडी चालवली होती. त्या माणसाची सीट पुढे घ्यावी लागते, म्हणजे तो ठेंगणा. त्याला पट्टा छातीवर सहन होत नाही. आणि मंगळवारी लंबूला चिरडणारी गाडी पुढे घेऊन P दाबण्याएवढं प्रसंगावधान त्याच्यात आहे.

"तू इथेच थांब," त्या धाकट्याला म्हणाल्या.

आजी स्वयंपाकघरात होत्या. चहा उकळून आटला होता आणि त्या खिडकीतून चढाकडे पाहत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"आजी, छातीवरची शिवण अजून दुखते?"

"तारा घातल्यात हाडात," आजी म्हणाल्या. "पट्टा तिथेच येतो." त्यांनी गॅस बंद केला. "सोमवारी लंबू नसतो, हा दवाखान्यात असतो. तळ्याला एक वळसा घालून येते. तासभर. कोणी हात धरून उतरवत नाही, कोणी जपून म्हणत नाही."

"मंगळवारी तुम्ही गाडी पुढे घेतलीत, तेव्हा गिअर टाकावा लागला?"

"नाही. नुसता पाय दिला, गेली पुढे." त्यांनी बाईंकडे सरळ पाहिलं. "जन्म गेला माझा चाकामागे. D मध्ये होती हे मला तेव्हाच कळलं. मग P दाबलं, पट्टा सोडला, सीट मागे सारली आणि त्याच्याकडे धावले."

"तुम्हाला माहीत होतं, गिअरबॉक्सचा दोष नाही."

"वाटलं, लंबू विसरला. सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. आणि मी गाडीत कशी चढले, तेही सांगावं लागेल. मेकॅनिक काय, परका माणूस." त्यांचा आवाज खाली आला. "मी मनाला असं समजावलं. लाज वाटते आता."

बाईंना इथेच थांबता आलं असतं. लंबूच्या सवयीवर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि समोरची बाई सत्तरी ओलांडलेली, काळजावर टाके घातलेली होती. पण अर्धं उत्तर लिहून पेपर देणं त्यांना जमत नसे.

"लंबू रोजच विसरतो, आजी. रोज गाडी त्याची चूक सांभाळून घेते. त्या दिवशी घेऊ शकली नाही, कारण पट्टा अडकवलेला राहिला होता."

आजींनी पुन्हा खिडकीतून चढाकडे पाहिलं.

"म्हणजे त्याचा पाय मी मोडला?"

"तुमचा पट्टा, त्याची सवय आणि थंड इंजिन. तिन्हींपैकी एक जरी कमी असतं तर काही झालं नसतं."

"पण तोंड बंद ठेवलं ते मी एकटीने," आजी म्हणाल्या. त्यांनी पदराने चेहरा पुसला आणि अंबाडा चाचपला. "त्याला मी सांगते. तुम्ही नका सांगू."

७

त्या आत गेल्या आणि दार लोटलं. बाहेर बाई आणि धाकटा पायरीवर उभे होते. आतून आधी फक्त आजींचा आवाज येत होता, एकसुरी, जमिनीची हद्द वाचून दाखवावी तसा. मग डॉक्टर ओरडले, "दुसरी किल्ली हरवली म्हणून मी अख्खं घर पालथं घातलं होतं, आई!" मग डॉक्टर रडत असल्यासारखं वाटलं, म्हणून बाई पायरी उतरून खाली गेल्या.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती. ते धाकट्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुमची माफी मागायला आई येतेच आहे. मी आधी मागतो. लंबूला इस्पितळात जाऊन आम्ही दोघं सगळं सांगू. आणि ज्यांच्या ज्यांच्यापाशी मी तुमचं नाव घेतलं, त्या प्रत्येकाला मी स्वतः फोन करीन. आजच."

धाकटा मान हलवून "बरं" म्हणाला. वरच्या खिशातून त्याने चार घड्या घातलेला कागद काढला, त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि परत त्याच खिशात ठेवले, कारण त्या स्वच्छ अंगणात टाकायला जागा नव्हती. कागदावर सही आधीच झालेली होती, ती बाईंना दिसली.

दोघं चालत निघाले. ऊन चढलं होतं. बाईंची जीभ मोकळी सुटली होती. इंजिनाचा जोर, चढाचा कोन, हे सगळं कोणत्या वर्गाला कसं शिकवता येईल, हे त्या बोलत होत्या आणि भरभर चालत होत्या. धाकटा मागे पडत होता. वळणावर त्या त्याच्यासाठी थांबल्या.

"ताई, एक विचारू?"

"विचार की."

"पट्टा, दार, सीट. सगळं बाहेरच होतं. तासाभराचं काम. लंबूला बुधवारीच भेटली असतीस तर त्यानेही सांगितलं असतं. तू दोन दिवस घालवून पहिल्यांदा गिअरबॉक्स का उघडलास?"

बाईंकडे उत्तरं तयार होती. पद्धत तशी असते. आतून बाहेर जावं. डॉक्टरांना पुरावा हवा होता. एकही उत्तर त्यांच्याने देववेना.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तू स्प्रिंग विसरलास."

धाकट्याने मान डोलावली. त्याला हे ठाऊक होतं. तोंडून ऐकायचं राहिलं होतं तेवढंच.

"मलाही तेच वाटलं होतं," तो म्हणाला. "बुधवारी तू दारात दिसलीस तेव्हा जिवात जीव आला माझ्या. वाटलं, आता ताई म्हणेल, गप रे, तू विसरणं शक्य नाही. एवढंच हवं होतं मला. मग उघडलं असतंस तरी चाललं असतं."

बाईंनी हात पुढे केला, तो त्याच्या दंडाला लागला आणि तसाच राहिला. धाकट्याने तो झटकला नाही. त्याने फक्त गॅरेजकडे जाणारा रस्ता दाखवला, तिथे त्याची कामं खोळंबली होती, आणि त्यांच्या घराकडे जाणारा दुसरा.

"तू घरी जा ताई," तो म्हणाला. "चार दिवस बसली नाहीस."